मागची बाजू

तुर्भ्याच्या एमआयडीसीत, रात्री अडीचला,
मशीनच्या पोटातून लोहपंखचा कान बाहेर येतो,
मग गाल, मग जखम.
चाळीस फुटांचा माणूस इंचाइंचाने जन्मतो
आणि शाईच्या वासाने माझं डोकं चढतं.

आधी आला होता नुसता काळा फ्लेक्स,
कोपऱ्यात एक पीस.
ती घोषणा होती, घोषणेच्या तारखेची.
मग टीझर येणार असल्याचा टीझर.
मग ट्रेलर, आणि त्याच्या सुरुवातीला
त्याच ट्रेलरचे पाच सेकंद,
जसं पंगतीत बसल्यावर
वाढप्यानं आधी जिलबीचा फोटो फिरवावा.

तारीख तीनदा बदलली.
‘दिवाळीत’वर मी ‘उन्हाळ्यात’ची पट्टी मारली,
‘उन्हाळ्यात’वर ‘लवकरच’.
उन्हानं पट्ट्या सोलल्या तेव्हा
वाशीच्या पुलापाशी वर्षभराचे ऋतू एकदम लोंबत होते.

सुदीप तांडेलला हेही चालायचं.
दिवाळे गावचा. बापाची होडी खाडीत,
ह्याचे जुने अंक प्लास्टिकमध्ये,
बोंबलांचा वास लागू नये म्हणून.
लोहपंखचा म्हातारा गुरू समुद्रात गेला
तेव्हा आम्ही आठवीत होतो, आणि रडलो होतो.
नंतर अकरा वर्षं सुदीप एकच म्हणायचा:
प्रेत दाखवलं का? नाही ना? मग.
आमच्यात प्रेत लागल्याशिवाय
माणूस गेला म्हणत नाहीत.

मार्चमध्ये पॉपकॉर्नच्या डब्यांची ऑर्डर आली.
डब्यावर गुरू. ओली दाढी, हसरा.
खाली: मोठा घेतल्यास थंड पेय मोफत.

मी सही केली होती कागदावर, कुणाला सांगणार नाही अशी.
सुदीपनं विचारलं, काय छापतोयस?
म्हटलं, बिल्डरचं. उलव्याला टू बीएचके.
गठ्ठ्यांवर ताडपत्री टाकली,
वर शेठचा जुना टेबलफॅन ठेवला,
आणि आठवडाभर त्याचा फोन आला की
मी बाथरूममध्ये असायचो.

मग स्टुडिओनंच ऑर्डर पाठवली, चाळीस बाय वीस.
जुईनगरला, हायवेवर, तोच म्हातारा, तेच हसू,
‘तो परत येतोय’, उद्गारचिन्हं तीन.
रात्रीत चढवला.
समोरून मी बॅटरी दाखवत, डावीकडे घे, ताण,
मागून काळुराम वाघे दोऱ्या बांधत.
पनवेलच्या डोंगरातला, एकोणीस वर्षांचा.
त्याच्या बाजूनं सगळेच फ्लेक्स पांढरे असतात.
उतरला की टेम्पोत झोपतो, पुढचा खांब कळंबोलीला.

सकाळी आठ दहाला सुदीपचा फोन.
मागे ट्रक जात होते. बराच वेळ ट्रकच.
मग म्हणाला,
छान छापलंयस. सुरकुत्या पण नीट आल्यात.
मग म्हणाला,
माझं तिकीट काढू नकोस.

काढून झालं होतं.

काळुरामला घेऊन गेलो, नेरूळला.
लाह्या घेऊ दिल्या नाहीत त्याला,
बाहेरच वडापाव चारला, कारण सांगितलं नाही.
सुरुवातीला म्हातारा पुन्हा एकदा बुडाला.
काळुराम पुढे सरकून बसला.
दोन तासांनी समुद्र फुगू लागला
आणि त्याआधीच हॉलभर मोबाइल वर झाले.
कुणीतरी मोजत होतं, तीन, दोन.
म्हातारा आला.
शिट्ट्या आल्या, ठरल्या वेळी, वक्तशीर,
माझीही एक होती त्यात.

आणि माझ्या शेजारी खुर्ची खाडकन मिटली.
“आयला! जित्ता हाय! म्हातारा जित्ता हाय!”
दोन्ही हात डोक्यावर, दोऱ्यांचे वळ तळव्यांवर,
तो उभा होता.

पुढच्या तीन रांगा वळून त्याच्याकडे बघत राहिल्या,
पडद्याकडे पाठ करून.