स्टॉपर

खाण कंपनीच्या लिलावात घेतली तेव्हा
पिकअपच्या हौद्यात बोटभर लाल माती होती,
आणि पेट्रोलचं इंजिन असं, की होंड्याच्या पंपावरची पोरं
मला लांबूनच ओळखायची.
सपाटीला लिटरमागे पाच.
भिरोंड्याच्या डोंगरात चारही चाकं लावली
की मोजायचं नाही.

इनास मेस्त्री बॉनेटवर कोपर टेकून म्हणाला,
"डिझेल घाल, बाय. जाता. पूण घाय करूं नाका."

इंजिन भंगारात मिळालं,
एका जुन्या अँब्युलन्सचं.
गाडी दरवाजांपाशी कुजलेली,
आत स्ट्रेचरचे रूळ तेवढे गुळगुळीत.
किलोवर पैसे दिले.
त्यानं काय काय ओढलं असेल
ते काट्यावर आलं नाही.

मग दीड महिना.
साखळीवर टांगून बघितलं तर
खाली ऑइलचं चेंबर पुढच्या एक्सलवर बसतंय,
वर पंखा रेडिएटरला खातोय.
दोन बोटांच्या जागेसाठी चेंबर कापलं,
वेल्डिंगनं पुन्हा शिवलं,
रॉकेल भरून रात्रभर पेपरवर ठेवलं.
सकाळी निधनवार्तांच्या पानावर
एकच डाग.
पुन्हा शिवलं.

गिअरबॉक्स जुना, इंजिन परकं,
दोघांच्या भोकांचा मेळ नाही.
पुंडलिक च्यारीने लेथवर पोलादाची चकती कातली,
या बाजूला याची भोकं, त्या बाजूला त्याची.
"सूतभर चुकलं तर क्लच रडेल," म्हणाला,
चार वेळा माप घेतलं
आणि पाचव्यांदा मला घ्यायला लावलं,
माझे डोळे तरुण म्हणून.
मी एकावन्न.

पुढच्या कमानीत एक पाटा वाढवला.
कॉइल, प्लग, डिस्ट्रिब्युटर
खोक्यात घालून मला परत दिले.
आरटीओतला कारकून इंधनाच्या रकान्यावर पेन धरून थांबला,
कशाला बदललं?
काजू, म्हटलं मी.
त्याने लगेच लिहिलं. त्याच्याही घरी भट्टी असावी.

पहिल्यांदा सुरू झालं त्या संध्याकाळी
रोहिदास झर्मेकर आला, कोणी न बोलावता.
तेरा वर्षं ती अँब्युलन्स त्याच्या हातात.
वाळपईच्या बाजारात कलिंगडं निवडताना आवाज ऐकला म्हणे,
कलिंगड काखेतच होतं.
बॉनेट उघडायला सांगितलं नाही त्याने.
बाजूला उभा राहिला, मान जराशी कलती.
"उसगावच्या पुलापुढे खोकतं हे," म्हणाला,
"थांबू नका. तिसरा टाका, जातं."

पाठीमागे कोण कोण होते, मी विचारलं नाही,
बांबोळीपर्यंत पोचले किती, तेही नाही.
त्यानेच एक सांगितलं:
फोंड्याच्या अलीकडे एक मुलगी जन्मली.
रस्त्याकडेला घेतली गाडी,
किल्ली काढून खिशात टाकली
आणि मागे धावलो.
दोरी ओढायची विसरलोच.
"सगळा वेळ चालूच होतं हे.
नर्स ओरडत होती माझ्यावर,
पोर रडतंय की नाही तेच कळेना."

डिझेल किल्लीने थांबत नाही.
डॅशखाली काळी मूठ असते,
ती ओढून धरायची,
धडधड पार संपेपर्यंत.
मला इनासने तीनदा दाखवलं,
तरी हात अजून किल्लीकडेच जातो.

आज डोंगर चढून आलो, दुसऱ्या गिअरला, लो मध्ये,
हौदाभर बोंडू,
फळीतून रस गळत रस्त्यावर ओल्या रेघा.
खोकला उसगावलाच येतो असं नाही,
आमच्या वळणावरही आला.
तिसरा टाकायची सोय नव्हती तिथे.
मी नुसती म्हटलं, चल.

भट्टीपाशी उभी केली. किल्ली काढली.
किल्ली माझ्या हातात, आणि सीट थरथरतेय,
काचेवरची माशी थरथरतेय.
मुठीवर हात आहे माझा.

"बंद कर गो ती," शेवंती मडक्यामागून ओरडते,
"काय ऐकू येत नाय!"

हो, म्हणते मी.