काळा, पण कुठला?

"काळा म्हणजे काळाच की," लोव्री म्हणाली,
आणि इद्वलने चष्मा कपाळावर चढवला.

टेबलावर गाडी उलगडून पडलेली:
चार लिंका, पुढचा बंपर,
बोटाएवढे ॲक्सल, चहाच्या बशीत स्क्रू.

पावडरचा लेप जाड बसतो,
मग आटे अडतात, स्क्रू भोकाशी भांडतो.
स्प्रे काळाकुट्ट, पण पहिल्याच दगडावर पापुद्रा.
ॲनोडाइझ ॲल्युमिनियमलाच मानवतं,
तेही दोन उन्हाळ्यांत जांभळट पडतं.
"वेल्समध्ये? उन्हाळे?"
बरं, चार.

शेवटी पोलादाचे तुकडे त्याने तापवले
निळसर होईतो,
आणि जवसाच्या तेलात सोडले.
चर्र. शेडभर धूर.
निघाले ते काळे नव्हतेच, काळपट होते,
रोजच्या तव्यासारखे.

रविवारी ब्लाइनायच्या खाणीमागे,
ओल्या स्लेटच्या ढिगाऱ्यावर
गाडी चढली, घसरली, पोटावर आपटली.
बंपरच्या कडेला एक पांढरी रेघ.

"गेला रंग."
त्याने रेघेवरून अंगठा फिरवला.
वडिलांची स्लेट फोडायची छिन्नी
अशीच होती, धरायच्या जागी उजळ.

"राहू दे," तो म्हणाला,
"कुठे घासतं ते कळतं."