चाळीस मिनिटं जादा

प्रमाणपत्रावर लिहिलंय : शंभर टक्के.
दहावीला कुठल्याच विषयात पडले नाहीत तेवढे
वाशीच्या रुग्णालयात, तिसऱ्या खेपेला,
एका शिक्क्यात मिळाले.

त्या बळावर चाळीस मिनिटं जादा
आणि एक लेखनिक.
अट अशी की तो माझ्याहून कमी शिकलेला हवा.
म्हणून अकरावीतला रिद्धेश,
घणसोली गावातला, खालच्या मजल्यावरचा,
रोज संध्याकाळी येतो खिशात शेंगदाणे घेऊन.

वाचतो भरधाव. 'किंवा'ला 'आणि' म्हणतो.
अरे, त्या एका शब्दावर
माणूस सुटतो, नाहीतर आत जातो.
तेव्हापासून प्रत्येक 'किंवा'पाशी
लाल सिग्नल लागल्यासारखा थांबतो.

क्लासमधली केतकी म्हणाली,
मज्जाय बाई, चाळीस मिनिटं!
मी हिशेब दिला नाही.
थांब्यावर बसचा नंबर विचारण्यात गेलेली,
स्कॅन केलेल्या नोट्सपुढे
फोन मुका होऊन बसतो त्यात गेलेली.
ती धरली तर
परीक्षा मंडळ माझं देणं लागतं.

आज सराव पेपर. प्रश्न एकोणसाठ :
रस्त्याने जाणारा 'अ'
पालिकेने उघड्या ठेवलेल्या खड्ड्यात पडला.
कठडा नव्हता. 'अ' अंध होता.
इथून अंध माणूसही जाईल
हे विवेकी माणसाने धरून चालायला हवं होतं का?

रिद्धेश थांबला.
इथे 'किंवा' नव्हता.
'ताई, सेक्टर नऊला तू पडलीस तेव्हा...'

लेखनिकाने बोलायचं नसतं.
घड्याळ चालू होतं.
घोट्यावरून एकदा हात फिरवला,
म्हटलं, पर्याय वाच.
सावकाश. चारही.