डिग्री

लेक्सिंग्टनच्या गोठ्यात पहाटे सहाला
४१७२च्या डाव्या कुशीतलं झाकण उघडते
आणि खांद्यापर्यंत हात घालते तिच्या पोटात.
बाहेर बर्फ. आत एकशे दोन डिग्री,
ओला, आंबूस, सावकाश ढवळत राहिलेला अंधार.
ती मानही वळवत नाही. रवंथ चालूच.
"घाई नको," मागून डॉ. हॅस्केल,
"तिला कुठे आहे?"

मूठभर अर्धामुर्धा चारा बाटलीत.
लेबलावर वेळ, तारीख, माझी आद्याक्षरं.
बोटं पुन्हा गारठतात.

नांदखेडच्या संकलन केंद्रात अण्णा
बत्तीस वर्षं लॅक्टोमीटर बुडवत आले.
फॅट साडेतीन, डिग्री सत्तावीस. चला, पुढचा!
पाणी घातलेलं त्यांना
कॅन खाली टेकतानाच कळायचं,
तरी बुडवायचे, वाट बघायचे,
आणि माणसाकडे न बघता आकडा सांगायचे.

काल फोनवर म्हणाले,
तुझी डिग्री किती लागली?
मी हसले. ते नाही हसले.
"पाणी किती, एवढंच सांगते ती."

तीन साबणांनीही वास गेला नाही.
आज तोच हात वर करून
वर्गात पहिला प्रश्न विचारला.