पीळ

फेरो बेटांवरचा हिवाळा. तीनलाच अंधार.
होड्या पालथ्या घालून माणसं माझ्या दोरखान्यात येतात,
शेगडीकडे पाय करतात
आणि काढतात दरवर्षीचा तोच वाद :
जुन्या वीरांत सगळ्यात बळकट कोण?

हानुस म्हणतो, स्केग्गुर.
त्यानं अख्खा कडा उपटून
राक्षसाच्या घशात कोंबला.
खड्डा पडला ती आपली खाडी, जाऊन बघ.
बघितलीय.
चांगली खाडी आहे. मेंढरं पडतात तिच्यात.

टुम्मास म्हणतो, छे, आल्वुर.
समुद्रतळाच्या सापाला वेसण घालायला उतरला,
एक अख्खी भरती आणि एक ओहोटी
श्वास धरून राहिला.
वर आला तेव्हा केस पांढरे,
आणि आईला म्हणाला, बाई, आपण कोण?

मी वाख विंचरत असते.
चाळीस वर्षं दोर वळतेय.
बळ म्हणालात की मी आधी विचारणार, कसलं?
झटक्याचं, ताणाचं, की भिजल्यावरचं?
सुका असताना बैलाला आवरणारा दोर
खाऱ्या पाण्यात तीन महिन्यांत
पेंढ्यासारखा तुटताना पाहिलाय मी.
तुमचा स्केग्गुर झटक्याचा.
एकदाच, खाड्‌कन.
पुढे तो काय जेवला, कसा म्हातारा झाला,
कुणालाच माहीत नाही.

कोपऱ्यातून रानवा, जाळ्यावरची नजर न काढता :
आणि ओलुवा?

तेव्हा बेटं नव्हती. एकच भूमी होती,
नांगर सुटलेली, बर्फाकडे वाहत निघालेली.
ओलुवानं तिचा दोर धरला. नऊ हिवाळे.
दोर तळव्यात रुतला,
त्याच्यावरून कातडी धरली.
दहाव्या हिवाळ्यात तिला शिंक आली.

(इथे सगळे हसतात. दरवर्षी हसतात.)

हात सुटला, भूमी तडकली, झाले अठरा तुकडे.
हरली, म्हणतात हे.
अरे, तुम्ही बसलात कशावर?

मला आवडतो तो ईव्हार,
म्हणून त्याचं सगळंच सांगते.
कुणीतरी वारा पोत्यात भरून
निरगाठ मारून ठेवली होती.
शिडं लोंबत होती, होड्या किनाऱ्याला कुजत होत्या.
वीर येत, गाठ ओढत,
आणि निरगाठीचं तर ठाऊकच आहे,
ओढाल तितकी आवळते.
ईव्हार हाडाचा दाभण घेऊन बसला.
एकेक पदर, सात वर्षं.
सुटली. वारा सुटला.
पण सात वर्षं उपाशी किनारा कसा जगणार?
मुलं गेली. त्याची स्वतःची दोन गेली.
हे गाण्यात नाही.
आईनं सांगितलं होतं,
दोराला डांबर चोपडताना, वर न बघता.
तेव्हा ईव्हारलाही
मी पैकीच्या पैकी देत नाही.

शेगडी विझायला येते.
टुम्मास म्हणतो, हिला कुणीच पटत नाही.
सुंभ जळेल, हिचा पीळ जायचा नाही.

नाही जायचा.
त्या खिळ्यावर दोन तुटकी टोकं आहेत.
सिग्वर्टच्या होडीचा दोर. नवाकोरा होता.
वाख चांगला, पीळ मी स्वतः मोजलेला.
अकरा वर्षं झाली,
रात्री कधीतरी टोकं खाली काढते,
एकेक तंतू दिव्यापाशी धरते.
कुठे चुकलं, सापडत नाही.

एकेक जण उठतो. टोप्या, हातमोजे,
दाराशी वाऱ्याला शिवी.
हानुस शेवटी निघतो.
सिग्वर्ट त्याचा धाकटा भाऊ.
या अकरा वर्षांत त्यानं
त्या खिळ्याकडे कधी पाहिलं नाही,
निदान माझ्यादेखत नाही.

उंबऱ्यावर थांबून बूट आपटतो,
पाठमोराच म्हणतो,
वसंतात होडी काढायचीय.
वीस वाव लागेल.
तुझ्याच हातचा.