डावी लेन

इथे घाईचे लोक डाव्या हाताला.
बरकापासून माझ्या आरशात
एक पांढरी लँडक्रूझर,
इतकी चिकटून की नंबरप्लेट दिसेना,
नुसते दिवे. उघड, मीट, उघड.

एकशेवीसवर होतो मी. नियमात.
पाय म्हणाला, दाब जरासा ब्रेक,
कळू दे त्याला.
मागच्या सीटवर रात्रपाळीचा परकार
तोंड उघडं टाकून झोपलेला,
मांडीवर रिकामा डबा.

सिग्नल दिला. सरकलो.
तो गेला, हाताने काहीतरी बोलत.
काचेवर वाळू खरवडत राहिली.

सुवैकच्या अलीकडे पाण्याचा टँकर,
ऐंशीवर रेंगाळणारा.
माझं बोट डिप्परवर कधी गेलं
मलाच कळलं नाही.

परकार झोपेतच म्हणाला,
"आलं का?"
नाही रे, म्हटलं. नीज.
आणि बोट काढून घेतलं.