अर्धा मिलिमीटर

सकाळी अर्धा, रात्री अर्धा.
फेरीबोटीचं इंजिन खोलणारे माझे हात
तुझ्या कानाखालच्या खिळीला किल्ली लावताना
थरथरायचे.
तू सात वर्षांची. टॉवेल चावायचीस.
नाही, चावता कुठं यायचं तेव्हा;
मुठीत आवळायचीस.
"झालं?" बंद दातांमागून.
झालं, बाये.
मग पेज, स्ट्रॉनं, वर तुपाचा थेंब.
असे अठरा दिवस.

त्याआधी बांबोळीला डॉक्टर लवंद्यांनी
तुझ्या दातांत एक लाकडी पट्टी धरायला लावली होती.
उजवीकडून ती वर उचललेली,
ओहोटीत गाळावर टेकलेल्या होडीसारखी.
किल्लीचे दिवस संपले, हाड धरलं, खिळी निघाली,
आणि पट्टी सरळ.
तुझी आई पट्टीकडे बघतच नव्हती.
पदरानं माझंच तोंड पुसत होती.

मग तू वाढलीस.
उंचीच्या खुणा मी दाराच्या चौकटीवर केल्या,
पेन्सिलनं, तारखेसह.
हनुवटीला चौकट नव्हती.
डावा गाल मोठ्या बहिणीसारखा भराभर पुढं गेला,
उजवा मागं रेंगाळत, चपला हातात घेऊन.
तेराव्या वर्षी तुझी आई म्हणाली, भास असेल.
पंधराव्या वर्षी काही म्हणाली नाही.

काल पुन्हा बांबोळी.
उजेडावर दोन फोटो शेजारी शेजारी:
एकात खिळे, एकात तू एकोणीस वर्षांची.
डॉक्टर थकलेत आता. म्हणाले,
"हाड लांब केलं आम्ही. वाढ नाही देता आली.
ती ज्याची त्याची असते."
मी विचारलं, अठरापैकी किती उरले?
"तसं मोजता येत नाही, गांवकर."
मला तर दुसरं काही येतच नाही.
गेजच्या पात्यानं फट मोजत आयुष्य गेलं.

मग उगाच केलं का सगळं,
हे मी विचारलं नाही, पण तू ऐकलंस.
"तिसरीच्या फोटोत मी पहिल्या रांगेत आहे,"
म्हणालीस, "केस मागं बांधून."
एवढंच.
दुसऱ्या ऑपरेशनचं बघते म्हणालीस, परीक्षेनंतर.
किल्ली यावेळी कुणाच्या हातात
ते सांगितलं नाहीस.

जुन्या गोव्याच्या धक्क्यावर दिवाडीची बोट यायची होती.
तू आइस्क्रीम संपवलंस,
काडी दातांत आडवी धरलीस
आणि माझ्याकडे वळलीस.
"पप्पा, कुठला काठ वर आहे? आपला की हा?"
भरती आहे, म्हटलं. दोन्ही सारखे.
"खोटं. तुला अर्धा मिलिमीटर कळतो."

बोटीची फळी खाली पडली, लोखंडावर लोखंड.
इंजिनात कुठंतरी एक बोल्ट सैल होता,
मला ऐकू येत होता.
मी तो ऐकत उभा राहिलो.